मुंबई ते लंडन : अंतर एकच, मग प्रवासाचे तास वेगवेगळे का?

गोदाकाठ (नाशिक)

सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील येत्या नोव्हेंबरात मुंबईहून लंडनला जाणार आहेत. धाकटी बहीण लंडनच्या पश्चिमेस रेडिंग येथे राहते. तिचे बाळंतपण डिसेंबरात अपेक्षित असल्याने दोघेही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्याजवळ राहून परत येतील. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास आहे. वडील एक्काहत्तर वर्षांचे असून त्यांना दिवसातून दोनदा, न्याहारीपूर्वी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी, इन्सुलिन घ्यावे लागते. त्यामुळे प्रवासाला नेमके किती तास लागतात हे मला निव्वळ कुतूहलापोटी नव्हे, तर त्यांच्या जेवणाच्या आणि इंजेक्शनच्या वेळा ठरवण्यासाठी समजून घ्यायचे आहे.

मी तीन संकेतस्थळांवर अंतर पाहिले, तेव्हा पहिल्यावर ७,२१०, दुसऱ्यावर ४,४८० आणि तिसऱ्यावर ३,८९० असे आकडे मिळाले. वेळेचेही तसेच झाले. एका ठिकाणी आठ तास, दुसरीकडे साडेनऊ तास, आणि तिकिटावर मात्र जाताना १० तास ५ मिनिटे व येताना ९ तास ५ मिनिटे. प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ७,२१० ला ९०० ने भागले तर आठच तास येतात. मग वरचे दोन तास कशात जातात, आणि अंतर तेच असताना परतीला तासभर कमी कसा लागतो?

वडिलांचा एक वेगळा प्रश्न आहे. ते आयुष्यभर बँकेत होते, त्यामुळे ताळा जुळला नाही की त्यांना चैन पडत नाही. तिकिटाप्रमाणे जाताना विमान मुंबईहून दुपारी १.१५ ला निघून त्याच दिवशी संध्याकाळी ५.५० ला लंडनला पोहोचते, म्हणजे घड्याळी हिशोबाने ४ तास ३५ मिनिटे होतात. येताना ते लंडनहून सकाळी ९.५० ला निघून रात्री ११.२५ ला मुंबईत उतरते, म्हणजे १३ तास ३५ मिनिटे. त्यांचे म्हणणे असे की, दोन देशांच्या घड्याळांतील फरक जाताना जितका वजा होतो तितकाच येताना मिळवला जातो, तेव्हा दोन्ही वेळांची बेरीज केली की तो फरक आपोआप उडून जायला हवा. ही बेरीज १८ तास १० मिनिटे येते, तर तिकिटावर छापलेल्या प्रवासवेळांची बेरीज १९ तास १० मिनिटे होते. मधला एक तास कुठे गेला, हे त्यांना तीन दिवस सुटलेले नाही आणि मलाही सांगता आलेले नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

भूगोलाचे मास्तर (कोल्हापूर)

ताई, वेळेविषयी इथले इतर लोक माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगतील. मी अंतरापुरते लिहितो, कारण तो माझा विषय आहे.

तुम्हाला मिळालेले तीनही आकडे बरोबर आहेत आणि ते एकच अंतर सांगतात, फक्त तिघांची एकके निराळी आहेत. ७,२१० हे किलोमीटर आहेत, ४,४८० हे आपले नेहमीचे मैल आहेत, आणि ३,८९० हे सागरी मैल आहेत. नेहमीचा मैल सुमारे १.६०९ किलोमीटरचा, तर सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. जहाजे आणि विमाने आजही सागरी मैलच वापरतात, त्याला कारण आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातील एक भाग पृथ्वीच्या पृष्ठावर जवळजवळ एक सागरी मैल भरतो, त्यामुळे नकाशावरून थेट अंतर मोजता येते.

आता हे ७,२१० किलोमीटर कोणत्या वाटेने मोजलेले आहेत, ते पाहू. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडले, तर ती रेघ दक्षिण इराणवरून बगदादच्या जवळून, पुढे तुर्कस्तानात अंकाराच्या दक्षिणेकडून जाते आणि तिची लांबी सुमारे ७,४०० किलोमीटर भरते. तीच दोन शहरे पृथ्वीगोलावर दोरा ताणून जोडली तर दोरा त्या रेघेच्या बराच उत्तरेकडून जातो. तो मुंबईहून वायव्येला निघून जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो, पुढे बलुचिस्तान, पूर्व इराण आणि कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडतो. त्याचा बरोबर मध्यबिंदू जॉर्जिया आणि आर्मेनिया यांच्या सीमेजवळ, तिबिलिसीच्या थोडा दक्षिणेस येतो. तिथून तो काळ्या समुद्रावरून युक्रेनच्या पश्चिम भागात शिरतो आणि मध्य युरोपावरून लंडन गाठतो. ही वाट ७,२१० किलोमीटरची आहे, म्हणजे पट्टीच्या रेघेपेक्षा सुमारे दोनशे किलोमीटरने कमी. गोलाकार पृष्ठावर दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही नेहमी बृहद्वृत्ताचा, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाचा, तुकडा असते. सपाट कागदावर हा तुकडा वाकडा दिसतो, हा दोष कागदाचा आहे.

तीस वर्षे वर्गात मी हे दोऱ्याने दाखवत आलो. दोरा कराचीवर टेकला की मुलांना मोठे आश्चर्य वाटे. वडिलांना जमल्यास नातवंडांच्या पृथ्वीगोलावर हे जरूर करून पाहायला सांगा. पुढच्या उत्तरांमध्ये कराची आणि युक्रेन ही दोन नावे पुन्हा येतील असा माझा अंदाज आहे, कारण या दोऱ्याची वाट जरी सर्वांत जवळची असली, तरी आज तिच्यावरून विमान नेता येत नाही.

सह्यकडा (पुणे)

येता-जातानाच्या वेळेतील फरक मला वाटते पृथ्वीच्या परिवलनामुळे पडतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला पृथ्वीच्या गतीचा फायदा मिळतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोटा होतो. शाळेत असेच वाचल्याचे आठवते.

उड्डाणयोजना (ठाणे)

मी निवृत्त होईपर्यंत एका विमान कंपनीच्या फ्लाइट डिस्पॅच विभागात काम केले. प्रत्येक उड्डाणापूर्वी मार्ग, उंची आणि इंधन ठरवून वैमानिकाच्या हाती उड्डाणयोजना देणे हे आमचे काम असे. त्यामुळे गोदाकाठताईंचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे आणि उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम सह्यकडा यांच्या मुद्द्याविषयी. हा समज फार रूढ आहे, परंतु तो बरोबर नाही. पृथ्वी एकटी फिरत नाही, तिच्याबरोबर तिचे वातावरणही फिरते. मुंबईच्या विमानतळावर उभे असलेले विमानही पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने जात असते, आणि उड्डाण केल्यावर ती गती त्याच्यापासून हिरावली जात नाही. वातावरण जर स्थिर राहून फक्त जमीन फिरत असती, तर परिणाम उलटा झाला असता. लंडन आपल्या दिशेने सरकत आले असते आणि जातानाच कमी वेळ लागला असता. परिवलनाचा संबंध आहे तो अप्रत्यक्ष. उष्ण प्रदेशातून ध्रुवांकडे सरकणारी हवा परिवलनामुळे पूर्वेकडे वळते, आणि त्यातून मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे तयार होतात. या वाऱ्यांच्या सर्वांत वेगवान पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि प्रवासी विमाने नेमकी त्याच उंचीवर उडत असतात.

आता ताशी ९०० किलोमीटर या आकड्याकडे येऊ. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या तुलनेतला नव्हे. पूर आलेल्या गोदावरीत नावाडी तितकेच वल्हे मारत असला, तरी प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे पडतो आणि प्रवाहाविरुद्ध जाताना तो हलतच नाही असे वाटते, तसेच हे आहे. मुंबईहून लंडनकडे जाताना वाटेवरचा वारा सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरून येत आहे असे धरले, तर जमिनीवरून पाहता विमानाचा वेग ८५० राहतो. परतीला तोच वारा पाठीमागून आला तर वेग ९५० होतो. इथे सरासरी ५० हा आकडा मी समजण्यापुरता घेतला आहे. प्रत्यक्षात वाटेच्या काही भागात वारा शंभरच्या वर असतो, तर काही भागात आडवा किंवा नगण्य असतो.

मार्गाची लांबीही ७,२१० राहत नाही. मास्तरांनी सांगितलेला दोरा कराचीवरून जातो, आणि पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केले व नंतर ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत ते बंद होते. दोऱ्याचे दुसरे टोक युक्रेनवरून जाते, आणि तिथले आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सर्वच नागरी विमानांना बंद आहे. मधल्या इराणनेही जून २०२५ मध्ये संघर्षाच्या काळात आपले आकाश बंद ठेवले होते. त्यामुळे मुंबईहून निघालेली विमाने बहुधा अरबी समुद्रावरून ओमान आणि आखाताकडे जातात, आणि तिथून त्या-त्या दिवसाच्या परिस्थितीप्रमाणे कधी इराक व तुर्कस्तानावरून, तर कधी त्याहूनही दक्षिणेकडून, सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात शिरतात. मार्गात काहीशे किलोमीटरांची भर पडते. दिल्लीहून लंडनला जाणाऱ्या भारतीय विमानांना ही बंदी अधिक जाचते, कारण त्यांना आधी बरेच दक्षिणेला यावे लागते. मुंबई मुळातच समुद्रकाठी आणि दक्षिणेला असल्याने तिला वळसा त्या मानाने कमी पडतो.

समजा, प्रत्यक्ष मार्ग ७,६०० किलोमीटरांचा झाला. ताशी ८५० ने भागल्यास ८ तास ५६ मिनिटे येतात आणि ९५० ने भागल्यास बरोबर ८ तास. तुमच्या तिकिटावरचा एक तासाचा फरक हा इथे आहे. जाणत्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. येता-जाता वारा सारखाच असला तरी तोटा आणि फायदा एकमेकांना पूर्णपणे भरून काढत नाहीत, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरून ८०० आणि १,००० या वेगांनी हाच हिशोब केला, तर वारा नसतानाच्या दुहेरी प्रवासापेक्षा एकूण सुमारे तेरा मिनिटे जास्त लागतात. वडील बँकेतले आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले.

उरला तो जमिनीवरचा वेळ, आणि लोकांचा गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. तिकिटावरची निघण्याची वेळ ही धावपट्टीवरून उचलण्याची वेळ नव्हे. चाकांखालचे अडसर काढून विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते लंडनला ठरलेल्या जागी थांबून पुन्हा अडसर लागेपर्यंतचा काळ तिकिटावर असतो, आणि त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानाला रांगेत थांबावे लागते. त्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. चढताना आणि उतरताना वेग नऊशे नसतो, तिथे आणखी पंधरा मिनिटे धरा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या दोन समांतर धावपट्ट्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतात. त्यामुळे येणाऱ्या विमानांना बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी आकाशातच एकावर एक अशा घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा, कारण लंडन खाली दिसत असताना विमान गोल फिरू लागले की पहिल्यांदा जाणारे प्रवासी घाबरतात. त्यात भिण्यासारखे काहीही नाही. या प्रतीक्षेचा विचार इंधन भरतानाच केलेला असतो. प्रवासापुरते इंधन, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी राखीव भाग, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके इंधन आणि त्याही पलीकडे अर्धा तास उडता येईल इतका अखेरचा साठा असल्याशिवाय जेट विमान निघतच नाही.

या सगळ्यांची बेरीज केली की जाताना दहा तास आणि येताना नऊ तास होतात. संकेतस्थळावरचे आठ तास म्हणजे निव्वळ भागाकार आहे. साडेनऊ तास दाखवणाऱ्या संकेतस्थळाने बहुधा थोडा कमी वेग धरून त्यात जमिनीवरचा अर्धा तास मिळवला असावा. नियोजनासाठी तुम्ही तिकिटावरचा आकडाच धरावा, कारण कंपनी तो ऋतुमानाप्रमाणे आणि आधीच्या उड्डाणांच्या अनुभवावरून ठरवते.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते. आज वळसा घालूनही हे अंतर एका झेपेत पार होते, हे मला नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत अद्भुत वाटत आले.

सह्यकडा (पुणे)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. वातावरणही पृथ्वीबरोबर फिरते ही गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. माझे आधीचे विधान मी मागे घेतो.

हॅरोकर (लंडन)

बाबांच्या हरवलेल्या तासाचे उत्तर मी देतो, कारण आम्ही इथे राहणारे लोक वर्षातून दोनदा या तासाशी झगडत असतो.

बाबांची पद्धत अचूक आहे. घड्याळांतील फरक येता-जाता सारखा असता, तर बेरजेत तो खरोखरच उडून गेला असता. परंतु तो सारखा नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. भारतात असे काही करत नाहीत. म्हणून नोव्हेंबरात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते आणि एप्रिलमध्ये साडेचार तास मागे. जातानाच्या ४ तास ३५ मिनिटांत साडेपाच तास मिळवले की १० तास ५ मिनिटे होतात. येतानाच्या १३ तास ३५ मिनिटांतून साडेचार तास वजा केले की ९ तास ५ मिनिटे उरतात. ताळा जुळला. बाबांचा तो तास मार्चअखेरच्या एका रविवारी पहाटे, ते रेडिंगला झोपेत असताना, घड्याळातून निघून जाणार आहे. त्याच आठवड्यात भारतात फोन करण्याच्या वेळाही बदलतील, हे नाशिकच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

ताई, तुमच्या खऱ्या कामाला उपयोगी पडेल तो आकडा मात्र या दहा तासांपेक्षा बराच मोठा आहे, आणि माझी विनंती आहे की तो तुम्ही भारतीय घड्याळातच मोजावा. विमान १.१५ चे असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे सव्वादहाला, विमानतळावर पोहोचले पाहिजे. नाशिकहून कसारा घाट उतरून, भिवंडी आणि ठाण्याची गर्दी धरून, पावणेपाच तास हाताशी ठेवावेत, म्हणजे घरून पहाटे साडेपाचला निघावे लागेल. विमान लंडनला टेकून थांबेल तेव्हा भारतात रात्रीचे ११.२० झालेले असतील. पारपत्र तपासणी आणि सामान यांत दीड तास धरा, आणि हीथ्रोहून रेडिंगपर्यंत मोटारीने गर्दीसह तासभर. म्हणजे बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडताना तिथे साडेआठ वाजत आलेले असतील आणि आईबाबांच्या शरीरासाठी मध्यरात्र उलटून पहाटेचे दोन होत आलेले असतील. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत हा प्रवास सुमारे साडेवीस तासांचा आहे.

आणखी एक गोष्ट. कोणी दुबईमार्गे स्वस्त तिकीट सुचवले, तर केवळ अंतर पाहून निर्णय घेऊ नका. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण अंतर थेट वाटेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरने वाढते. वेळ मात्र मधल्या थांब्यामुळे तीन ते पाच तासांनी वाढते. माझे सासूसासरे काही वर्षांपूर्वी असे बदलते विमान घेऊन आले होते. पहिल्या विमानाला उशीर झाला, दुसरे निघून गेले, आणि भाषेची अडचण असलेल्या त्या दोघांना अनोळखी विमानतळावर अकरा तास बसून राहावे लागले. तेव्हापासून घरातील वडीलधाऱ्यांसाठी थोडे अधिक पैसे देऊन मी थेट विमानच घेतो. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा. ती केवळ चालता न येणाऱ्यांसाठी नसते, आणि तिच्याबरोबर येणारा माणूस तपासणीच्या रांगांमधून त्यांना नीट नेतो.

दवाखाना (सोलापूर)

मी फिजिशियन आहे. हॅरोकरांनी भारतीय घड्याळात मोजण्याचा दिलेला सल्ला वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे.

पश्चिमेकडे जाताना प्रवाशाचा तो दिवस चोवीस तासांचा राहत नाही. वडिलांच्या बाबतीत तो साडेएकोणतीस तासांचा होईल. सकाळचे इन्सुलिन नाशिकला घेतल्यानंतर रात्रीच्या जेवणाची भारतीय वेळ विमानात, लंडनला उतरण्याच्या तीन-साडेतीन तास आधी येईल, आणि रेडिंगला पोहोचल्यावर तिथले रात्रीचे जेवण पुन्हा समोर असेल. त्या दोन जेवणांपैकी इन्सुलिन कोणत्या जेवणाबरोबर आणि किती घ्यायचे, मधल्या वाढीव तासांसाठी काय करायचे, हे त्यांच्या इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून आहे. म्हणून ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. त्यांच्याकडे जाताना वरचे भारतीय वेळेतील टिपण बरोबर न्या, म्हणजे त्यांना ठरवणे सोपे जाईल. परतीच्या प्रवासाचे टिपण वेगळे करावे लागेल, कारण तेव्हा दिवस साडेचार तासांनी लहान होतो आणि दोन मात्रा नेहमीपेक्षा जवळ येतात. साखर खाली जाण्याचा धोका या परतीच्या वेळी अधिक लक्षात ठेवावा.

इन्सुलिन, सुया, साखर तपासण्याचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगेत ठेवलेले इन्सुलिन थंडीने गोठून निकामी होऊ शकते, आणि बॅग हरवली तर औषधही जाते. इंजेक्शन विमानातील जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे, वेळापत्रकावर विसंबून आधी घेऊ नये, कारण हवा खराब असेल तर जेवण वाटणे थांबवतात. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्यावी.

गोदाकाठ (नाशिक)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मी आणि माझे आईवडील ऋणी आहोत. एक तासाचा उलगडा वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी वही काढून दोन्ही बाजूंचा हिशोब पुन्हा मांडला आणि खाली ‘ताळा जुळला’ असे लिहून तारीख घातली. भारतीय वेळेचे टिपणही तयार केले आहे, ते घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहोत. वडिलांनी जुने मनगटी घड्याळ बदलायचे नाही, ते रेडिंगला पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायचे, असेही ठरले आहे.

एकच शंका उरली आहे, ती उड्डाणयोजना यांना विचारते. आम्ही जातो तो नोव्हेंबर आणि परत येतो तो एप्रिल, या दोन महिन्यांत समोरचा वारा जानेवारीसारखाच जोरदार असतो का? आणि विमान नेमके किती वेगाने चालले आहे, हे वडिलांना जागेवर बसून समजू शकेल का?

उड्डाणयोजना (ठाणे)

पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीमचा हा झोत पावसाळ्यात हिमालयाच्या उत्तरेकडे सरकलेला असतो. पाऊस परतला की ऑक्टोबरपासून तो पुन्हा दक्षिणेकडे, उत्तर भारत आणि इराण-इराकच्या पट्ट्यावर येऊन स्थिरावतो. नोव्हेंबरात त्याचा जोर वाढू लागलेला असतो, जानेवारी-फेब्रुवारीत तो सर्वाधिक असतो आणि एप्रिलमध्ये ओसरू लागतो. म्हणून जाताना समोरचा वारा मिळेल, पण ऐन हिवाळ्याइतका नसेल, आणि येताना पाठीमागचा वारा अजून शिल्लक असेल.

वेग वडिलांना स्वतः पाहता येईल. समोरच्या आसनाच्या पाठीवरील पडद्यावर नकाशा लावला की जमिनीच्या तुलनेतला वेग, उंची, बाहेरचे तापमान आणि उरलेले अंतर दिसत राहते. काही विमानांत समोरून किंवा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेगही दाखवतात. त्यांनी जाताना आखात ओलांडल्यानंतर एकदा आणि तुर्कस्तानाच्या आसपास एकदा तो आकडा वहीत टिपून ठेवावा, परतीलाही साधारण त्याच जागी टिपावा, आणि दोन्ही आकडे इथे कळवावेत. नोकरीत मी हे आकडे केवळ कागदावर पाहिले. प्रवाशाने खिडकीजवळ बसून टिपलेले पाहायला मला मनापासून आवडेल.